टक्के पाहावेत की माणशी रुपये?

आरोग्यावर बिहार सरकार जास्त खर्च करतं की महाराष्ट्र सरकार, एवढंच मला पाहायचं होतं. त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडली आणि चक्रावलो. महाराष्ट्राचा खर्च एका जागी सापडेना. जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि त्यांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. शेवटी लेखाशीर्षांचा धागा हाती लागला: २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२११ म्हणजे कुटुंब कल्याण. हे क्रमांक सगळ्या राज्यांत सारखेच असतात, म्हणून तुलना तरी करता येते.

पण उत्तर काही एक येईना. राज्याच्या एकूण उत्पन्नाशी ताडलं की बिहार पुढे. तोच पैसा माणशी वाटून पाहिला की महाराष्ट्र पुढे. बिहारचं उत्पन्नच लहान, त्यामुळे त्यातला मोठा हिस्सा दिला तरी एकेका माणसाच्या वाट्याला थोडेच रुपये येतात. आजारी माणसाला औषध रुपयांनी मिळतं, टक्क्यांनी नाही. म्हणून मी माणशी खर्च आधी पाहतो.

दिल्लीने आणखी गोंधळात टाकलं. बजेटमधला आरोग्याचा हिस्सा तिथे फार मोठा दिसतो. दिल्ली सरकारने आरोग्यावर भर दिला हे खरंच. पण तिथल्या पोलिसांचा खर्च केंद्र करतं, त्यामुळे ज्या रकमेतून टक्के काढायचे ती रक्कमच इतरांपेक्षा आटोपशीर. उलट मुंबईत केईएम, सायन, नायर ही रुग्णालयं महापालिका चालवते. तो पैसा राज्याच्या बजेटमधून जात नाही, पण उपचार तर त्यातूनच होतात!

तरीही या सगळ्याआड महाराष्ट्राला लपता येणार नाही. राज्यांनी २०२० पर्यंत बजेटचे आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्चावेत, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे. आपलं श्रीमंत राज्य त्याच्या जवळपासही गेलं नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

मार्चमध्ये ‘आरोग्यासाठी अमुक कोटी’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तो केवळ अंदाज असतो हे ध्यानात ठेवा. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात दोन वर्षांमागचा प्रत्यक्ष खर्च छापलेला असतो. तो आकडा काढा आणि आपल्या आमदारांना त्याबद्दल विचारा.