ऑइल बदललं, एवढंच सांगितलं

ऑइल बदलल्यापासून गाडी बिघडली, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. सांगणं खरं होतं, पण अर्धं होतं. त्यापायी माझे पैसे गेले, एका शेतकऱ्याच्या मिरचीचा भाव गेला आणि एका भल्या माणसाला मी नको ते बोलून बसलो.

गाडी जुनी टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ साली आलं आणि आमच्या केदारखेड्याच्या बाजूला मका, कापूस, मिरची, लग्नाचं वऱ्हाड सगळं त्यानं वाहिलं. माझ्या गाडीला ४९७ इंजिन आहे. चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४९७. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. जे काय आहे ते पान्यानं उघडतं आणि पान्यानं बसतं. याच भरवशावर मी सर्व्हिसिंग घरीच करायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार भरात येतो. त्याआधी गाडी तयार असावी म्हणून मी चेंबरचा नट काढून जुनं ऑइल सोडलं, ऑइल फिल्टर बदलला, नवं ऑइल ओतलं. ओतल्या ओतल्या पट्टी बघितली तर खूण कमी दिसली. ऑइल खाली उतरायला वेळ लागतो, तेवढा वेळ मी दिला नाही. आणखी ओतलं. पाना हातात होताच, तर डिझेलचे दोन्ही फिल्टरही बदलून टाकले आणि फीड पंपाला टाकीकडून येणाऱ्या पाइपचा बोल्ट खोलून आतली जाळी धुतली. बोल्टाचे तांब्याचे वायसर चपटे झाले होते. तेच पुसून परत बसवले. हातपंप मारून हवा काढली, पण डिझेल दिसताच स्क्रू आवळला. बुडबुडे थांबेपर्यंत थांबलो नाही.

गाडी उभी असताना बरी चालायची. माल भरला आणि चढ लागला की मिसिंग. झटके मारायची, पिकअप सोडायची, मागून पांढरा-निळा धूर. सकाळी स्टार्टिंगला बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारावा लागायचा. एका रात्री मिरचीची पोती भरून निघालो आणि भोकरदनच्या अलीकडेच गाडी बंद पडली. हिरव्या मिरचीला थांबणं सोसत नाही. पोत्यात ती गरम होते, देठ काळे पडतात. बाजारात पोचलो तोवर व्यापाऱ्यांची मोठी खरेदी होऊन गेली होती. शेतकरी मला काही बोलला नाही. पोत्यात हात घालून त्यानं मिरची वर काढली, हुंगली आणि परत टाकली.

त्यानंतर मी चुकांवर चुका केल्या. आधी ऑइल नकली असेल म्हणून ते सगळं काढून दुसरं भरलं, आणि तेही पहिल्याइतकंच जास्त. मग डिझेलमध्ये भेसळ आहे असं ठरवून पंपावर गेलो आणि तिथल्या माणसाला चार लोकांत वाटेल ते बोललो. डिझेल त्याच्याकडूनच घेतलेल्या दुसऱ्या गाड्या नीट चालत होत्या, हे मला दिसत होतं तरी मी बोललो. मग नोझल काढून जालन्याला तपासायला नेल्या. त्या ठीक निघाल्या. निळा धूर बघून एका मिस्त्रीनं रिंगा गेल्या असतील, इंजिन उतरवावं लागेल, असं सांगितलं. त्याला दोष देता येत नाही. मी त्याला फक्त ऑइल बदलल्याचं सांगितलं होतं, आणि तेवढ्यावरून त्यानं बरोबरच अंदाज बांधला. इंजिनाच्या कामासाठी मी पैशाची जुळवाजुळवही सुरू केली होती.

भोकरदनला एक वयस्कर मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "गाडी चांगली चालत होती तेव्हा शेवटचा हात कुठं लावला होता, बाबा?"

"ऑइल बदललं, चाचा."

"अन् आणखी?"

तेव्हा कुठं फिल्टर आणि जाळी माझ्या तोंडून निघाली. मी लपवत नव्हतो. माझ्या डोक्यात सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल, बाकीचं मी मोजतच नव्हतो.

चाचांनी पाइपचं टाकीकडचं टोक सोडवलं, त्याला पारदर्शक नळी जोडली आणि डिझेलचा कॅन केबिनच्या टपावर बांधला. हवा काढून गाडी चालू केली. इंजिन एका सुरात. रेस दिली तरी मिसिंग नाही. मग त्यांनी मला फीड पंपाजवळ वाकायला लावलं. त्या जुन्या वायसरच्या कडेनं डिझेलचा थेंब फुगत होता, सुटत होता, पुन्हा फुगत होता. एरवी तिथं सगळं कोरडं असायचं, कारण टाकीकडून फीड पंप डिझेल ओढतो. तिथं फट असली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. कॅन वर बांधल्यावर डिझेलचा दाब उलटा आला आणि फट दिसली. सिरिंजमध्ये पाणी भरून तोंड दाबलं तर दट्ट्या हलत नाही, हवा असली तर आत जातो. पंपात हवा शिरली की तसंच होतं, दाब तयार होत नाही आणि नोझल उघडत नाही. माल भरलेल्या गाडीला डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते आणि हवाही जास्त शिरते. चढावरच मिसिंग का, ते मला तिथं कळलं.

वायसर नवे बसवले. मग चाचांनी गाडी सपाट जागेवर लावून, इंजिन थंड होऊ देऊन ऑइलची पट्टी बघितली आणि वरच्या खुणेच्या वरचं सगळं ऑइल काढायला लावलं. चेंबरमध्ये जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो आणि ब्रीदरच्या नळीतून ते हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. निळा धूर त्याचाच होता. रिंगा ठीक होत्या.

पंपावरच्या माणसाची मी जाऊन माफी मागितली, आणि जे चार लोक आधी होते त्यातले जे सापडले त्यांच्यासमोर मागितली. मिरचीवाल्याला भाड्यात सूट दिली, पण त्याच्या मालाचं नुकसान त्याहून मोठं होतं.

घरी सर्व्हिसिंग करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. मिस्त्रीकडे जाल तेव्हा ज्या ज्या बोल्टाला पाना लावला तो त्यानं न विचारता सांगा. आणि तांब्याचा वायसर एकदा निघाला की नवाच घाला. चहाच्या पैशात येतो.