ओसाड जमिनीचे साक्षीदार

आम्ही व्यवसायाने वकील. बेळगावच्या न्यायालयात वीस वर्षे जमिनीचे दावे चालविल्यामुळे सर्व्हे नंबर, हद्दी आणि आकारणी यांपलीकडे जमिनीला काही अंग असते, याचा आम्हांस जवळजवळ विसर पडला होता. म्हणून गेल्या आश्विनात भाचा म्हणाला, "मामा, चार दिवस चोर्ल्याला चला, नाकतोडे मोजायचे आहेत," तेव्हा आम्हांस प्रथम हसूच आले. नाकतोड्यांची खानेसुमारी करणारा विद्वान आमच्या कुळात निपजावा, ही गोष्ट आम्ही काहीशी चेष्टेवारी नेत असू.

तरी आम्ही गेलो. गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या सीमा जेथे जवळ येतात, तेथे हा घाट आहे. खाली गोव्याच्या अंगाला 1999 साली घोषित झालेले म्हादई अभयारण्य, तर वर खानापूर तालुक्यात 2011 साली घोषित झालेले भीमगड. अभयारण्यात शास्त्रीय अभ्यासासाठी पाऊल टाकावयाचे, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवाना लागतो. भाच्याने तो काढला होता. आम्ही तो सवयीने तीनदा वाचला.

काम दिसावयास सोपे. सकाळी सड्यावर मोजलेली दोरी अंथरावयाची, तिच्या कडेने सावकाश चालावयाचे आणि पायांपुढून उडेल तो प्रत्येक जीव नोंदवावयाचा. मग जाळे गवतावरून डावी-उजवीकडे फिरवावयाचे. आम्ही पहिल्या दिवशी जाळ्यात पुष्कळसे गवत आणि आमचा चष्मा पकडला. दुपारपर्यंत मात्र भाच्याच्या वहीत अकरा प्रकार उतरले होते. आम्हांस ते सारे एकच वाटत होते. दिसले ते एकाच झुडुपावर बसलेले हिरवे पान. ते चालू लागले, तेव्हा आम्ही दचकलो. त्याच्या पाठीवर पानासारखाच उंच टोप होता. शास्त्रात त्याला टेरॅटोडीस मॉन्टिकोलिस म्हणतात.

रात्री रानाच्या कडेला बसून ऐकण्याचे काम. आखूड शिंगांच्या नाकतोड्याचे कान पोटाच्या पहिल्या वलयावर असतात आणि लांब शिंगांच्याचे पुढच्या पायांच्या नडगीत, हे आम्हांस तेथे कळले. पहिला मागचा पाय पंखावर घासून आवाज काढतो, दुसरा पंखावर पंख घासून. "मामा, तो उजवीकडचा ऐकलात?" भाच्याने विचारले. आम्ही काही ऐकले नव्हते. वय वाढते तसे उंच स्वर माणसाच्या कानांतून प्रथम गळून जातात. कित्येक नाकतोड्यांचे गाणे तर तरुण कानांच्याही पलीकडचे असते आणि ते यंत्रालाच ऐकू येते. साक्षीदार बोलत आहे, पण न्यायालयाला ऐकू येत नाही, अशी ती अवस्था होती.

या शास्त्राची शिस्त आमच्या व्यवसायाला लाज आणील अशी आहे. कुपीत घातलेल्या प्रत्येक किड्यासोबत स्थळ, उंची, तारीख व पकडणाऱ्याचे नाव यांची चिठ्ठी हवीच; चिठ्ठी हरवली की नमुना निरर्थक ठरतो. नव्या जातीचा मूळ नमुना संग्रहालयात मूळ दस्तऐवजासारखा जपतात. भाच्याजवळ कर्बी यांच्या 1914 सालच्या ग्रंथाची प्रत होती. ग्रंथकर्ते त्यापूर्वीच, 1912 साली निवर्तले होते. तरी हिंदुस्थानातील नाकतोड्यांचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो ग्रंथ उघडावा लागतो.

सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला 'सीमा' हा शब्द लगेच टोचतो. आम्ही विचारले, "यांना कसली आली आहे सीमा?" भाचा म्हणाला, "आहे ना. उष्ण प्रदेशातल्या उंच डोंगरांवर बिनपंखांच्या जाती असतात. त्यांना दरी ओलांडता येत नाही. त्यामुळे काही जाती एकाच डोंगरावर सापडतात. तो डोंगर गेला की जात गेली."

या वाक्यानंतर आम्ही बराच वेळ गप्प होतो. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

बारा वर्षांपूर्वी एका पक्षकारासाठी आम्ही असाच एक सडा चिऱ्यांच्या खाणीला मोकळा करून दिला होता. कैफियतीत आम्ही लिहिले होते: 'सदर जमीन ओसाड, खडकाळ व निरुपयोगी आहे.' ती जमीन आम्ही पाहिली नव्हती. विरुद्ध पक्षाने त्या विशेषणांना हरकत घेतली नाही, कारण ती त्यांनाही खरी वाटत होती. आम्ही दावा जिंकलो, शुल्क घेतले आणि त्या सायंकाळी घरी पेढे नेले. त्या वाक्यात खोटे बोललो, असे आम्हांस कधीही वाटले नाही. आणि तेच वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाच्याला तो सडा कोठे होता ते सांगितले आणि तेथले नाकतोडे कोणी मोजले होते काय, असे विचारले. त्याने आठवून पाहिले. "नाही मामा, तिथे कोणी पोहोचलंच नव्हतं." त्याच्या स्वरात दोष नव्हता, असता तर आम्हांस बचाव करता आला असता.

तेथे काही बिनपंखाचे, अन्यत्र नसलेले होते काय? बहुधा नसेलही. पण 'बहुधा' या शब्दावर आम्ही कोणत्याही न्यायाधीशाला निकाल देऊ दिला नसता.

शेवटच्या दिवशी भाच्याने चिठ्ठ्या लिहिण्याचे काम आमच्याकडे सोपविले. आमचे अक्षर चांगले आहे. स्थळ, उंची, तारीख, गवताचा प्रकार, पकडणारा. आम्ही चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. वीस वर्षांत प्रथमच आम्ही जमिनीविषयी जे स्वतः पाहिले, तेवढेच लिहीत होतो.

परत आल्यावर एका नव्या दाव्याचे कागद टेबलावर होते. त्यांतही तेच शब्द आले होते, 'ओसाड व निरुपयोगी'. आम्ही पक्षकाराला बोलावून घेतले आणि म्हटले, "आधी जमीन पाहू. या दिवसांत गवत उभे आहे."