आकड्यांची मोडी

राष्ट्रीय नमुना पाहणीची मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली की वर्गातलं कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, फाइल करप्ट झालीय का?" प्रश्न रास्त आहे. पडद्यावर नुसते अंक असतात. स्वल्पविराम नाही, मथळा नाही, दोन आकड्यांमध्ये फट नाही. ओळीमागून ओळी, सगळ्या एकाच लांबीच्या. मोडी कागद पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची जी गत होते, तीच इथे. लिहिणाऱ्याने लेखणी उचललेलीच नसते. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. पण आकड्यांच्या या मोडीसोबत किल्ली येते. तिला आम्ही लेआउट म्हणतो: कुठल्या रकान्यापासून कुठल्या रकान्यापर्यंत काय लिहिलंय, याचा तक्ता. तो समोर नसेल तर लाखभर कुटुंबांची ही माहिती म्हणजे निव्वळ अंकांचा ढिगारा.

६८व्या फेरीचं उदाहरण घेते. जुलै २०११ ते जून २०१२ या काळात घेतलेली ही कुटुंबांच्या खर्चाची पाहणी. तिच्या ओळीत चौदाव्या रकान्यापासून समजा असे सात अंक दिसले: ११२७२२५. लेआउट म्हणतो, चौदावा रकाना नमुन्याचा. पंधरावा रकाना सेक्टरचा, तिथे १ म्हणजे ग्रामीण आणि २ म्हणजे शहरी. सोळा ते अठरा राज्य आणि विभाग मिळून. २७ म्हणजे महाराष्ट्र आणि २७२ म्हणजे महाराष्ट्राचा अंतर्गत पश्चिम विभाग. एकोणीस-वीस जिल्हा, महाराष्ट्रातला २५वा म्हणजे पुणे. सात अंकांत आपण पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात पोचलो. पुढे त्याच ओळीत ते घर कितवं, हेही आहे.

आता हे सॉफ्टवेअरला सांगायचं कसं? स्टाटामध्ये इनफिक्स नावाची कमांड आहे. तिच्यात नाव लिहायचं आणि पुढे रकाने: सेक्टर १५, राज्य १६-१७, जिल्हा १९-२०, शेवटी फाइलचं नाव. एसपीएसएसमध्ये हेच काम डेटा लिस्ट करते. सॅसमध्ये इनपुट लिहून रकान्याच्या आकड्याआधी ॲटचं चिन्ह टाकतात. आरमध्ये रीड एफडब्ल्यूएफला रकान्यांचे आकडे न देता प्रत्येक तुकड्याची रुंदी द्यायची, आणि जो भाग नको त्याची रुंदी उणे चिन्हाने लिहायची. व्याकरण चार प्रकारचं, पण बोलणं एकच: इथून इथपर्यंत अमुक आहे.

आणि इथेच गंमत आहे. समजा राज्य १६-१७ ऐवजी १५-१६ लिहिलं गेलं. एका रकान्याची चूक. पुण्याच्या खेड्यातल्या त्या घराचं राज्य आता सेक्टरचा १ आणि २७ मधला २ मिळून १२ झालं. १२ म्हणजे अरुणाचल प्रदेश. पुणे शहरातलं घर २२ होऊन छत्तीसगडला गेलं. गोव्याचा कोड ३०, तिथलं ग्रामीण घर १३ होऊन नागालँडमध्ये. राज्यांच्या कोडचा पहिला अंक शून्य ते तीन यांपैकीच असतो आणि सेक्टर १ किंवा २. त्यामुळे चुकीचे कोड येणार १० ते १३ आणि २० ते २३: बिहार, सिक्कीम, अरुणाचल, नागालँड, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश. आठही कोड खरे, आठही राज्यं खरी. सॉफ्टवेअर एका शब्दाने तक्रार करत नाही. उलट चूक दुसऱ्या बाजूला झाली, १७-१८ वाचलं, तर त्याच पुण्याच्या घराचा कोड ७२ येतो आणि असं राज्यच नाही म्हणून आपण जागे होतो. सगळ्यात वाईट चूक ती, जिचं उत्तर शहाण्यासारखं दिसतं. म्हणून डेटा वाचून झाला की पहिलं काम राज्यांचा तक्ता काढून त्यात महाराष्ट्र आहे का ते बघणं. देशात आठच राज्यं उरली असतील तर कुणाचं तरी बोट घसरलंय.

ही घट्ट, फटीविना लिहायची रीत आली कुठून? पंचकार्डातून. हर्मन हॉलरिथने १८९०च्या अमेरिकी जनगणनेसाठी भोकं पाडलेली कार्डं आणि ती मोजणारं यंत्र वापरलं. १९२८ साली आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड आणलं आणि पुढची कित्येक वर्षं जगाचा डेटा त्या ८० रकान्यांत राहिला. जागा मोजकी, म्हणून स्वल्पविरामाला रकाना वाया घालवायची चैन परवडणारी नव्हती. कार्डं गेली, खुणा राहिल्या. सॅसमध्ये आजही कमांडखालीच डेटा टाइप करायचा असेल तर त्याआधी कार्ड्‌स असा शब्द लिहिलेला चालतो. आमच्या मुलांनी जन्मात कार्ड पाहिलेलं नाही.

हे सगळं माउसने होत नाही का? होतं. आयात करायची खिडकी उघडा, दोन-तीन वेळा नेक्स्ट दाबा, तक्ता तयार. माझा त्याला विरोध आहे आणि तो म्हाताऱ्या मास्तरणीचा हट्ट नाही. खिडकीत काय दाबलं ते कुठेच लिहून राहत नाही. सहा महिन्यांनी मार्गदर्शकाने विचारलं की या पाच हजार नोंदी कुठे गेल्या, तर उत्तर नसतं. कमांडची फाइल असली तर उत्तर असतं, निदान चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते तरी दाखवता येतं. शिवाय खिडकी आपल्या वतीने अंदाज बांधते. ०५ दिसलं की शून्य खाते, १-२ दिसलं की तारीख करते. जनुकांच्या नावांची एक्सेलने अशीच तारखांत भाषांतरं केली, इतकी की २०२०मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने मार्च१ आणि सेप्ट१ सारखी नावंच बदलून टाकली. सॉफ्टवेअर सुधारण्यापेक्षा जनुकांचं बारसं पुन्हा करणं सोपं गेलं!

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये याहून गंभीर प्रकार झाला. प्रयोगशाळांकडून कोविड चाचण्यांचे निकाल साध्या मजकुराच्या फाइलींमधून येत होते आणि ते एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतले जात होते. त्या साच्यात ६५,५३६च्या पुढे ओळ मावत नाही. उरलेल्या ओळी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण दैनंदिन आकड्यांतून निसटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. ओळी मोजण्याची एक कमांड आधी आणि एक नंतर चालवली असती तर हे तिथल्या तिथे कळलं असतं.

अंक दिसला म्हणजे ती संख्या आहे असं समजायचं नाही, ही माझ्या वर्गातली ठरलेली कटकट. जिल्ह्याचा कोड, गावाचा क्रमांक, घराचा क्रमांक यांची बेरीज कुणी करत नाही. ती नावं आहेत, अंकांत लिहिलेली. तेव्हा ती अक्षरं म्हणूनच वाचावीत. आळस केला तर काय होतं ते बघा. गावाचा पाच अंकी क्रमांक, वाडीचा एक, दुसऱ्या टप्प्यातल्या स्तराचा एक आणि घराचे दोन, असे जोडून नऊ अंकी ओळख क्रमांक तयार करायची पद्धत आहे. स्टाटाला प्रकार सांगितला नाही तर ते ही संख्या फ्लोट म्हणून ठेवतं आणि फ्लोटमध्ये पूर्णांक अचूक राहतात ते फक्त १,६७,७७,२१६ पर्यंत. त्यापुढे जवळच्या शक्य आकड्याला चिकटतात. ४१२३४२१०१ आणि ४१२३४२१०२ ही शेजारची दोन घरं. फ्लोटमध्ये दोघांचाही क्रमांक ४१२३४२११२ होतो. मग खर्चाची फाइल आणि माणसांची फाइल मर्ज केली की एका घरातला तांदूळ दुसऱ्या घरातली माणसं खातात. इथेही लाल अक्षरात काही येत नाही. कमांडमध्ये नावाआधी स्ट्रिंग लिहिलं असतं तर भागलं असतं.

माहिती नसलेल्या जागांचंही असंच. काही पाहण्यांत "माहीत नाही"ला ९८ लिहितात. वय म्हणून ते तसंच वाचलं की गावात अचानक म्हातारे वाढतात. आरला एनए हे दोन वर्ण दिसले की ती जागा रिकामी समजायची सवय आहे. देशांचे दोन अक्षरी कोड असलेल्या फाइलीत नामिबियाचा कोड नेमका तोच. नकाशावरून अख्खा देश पुसला जातो.

मल्टिप्लायरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण शोधनिबंध खरे तिथे बुडतात. नमुन्यातलं प्रत्येक घर देशातल्या किती घरांच्या वतीने बोलतंय, तो हा आकडा, ओळीच्या शेवटाकडे लिहिलेला. त्यात दशांश चिन्ह छापलेलंच नाही. शेवटचे दोन अंक दशांशाचे आहेत हे आपण समजून घ्यायचं. म्हणून १००ने भागायचं. पण बहुतेक ठिकाणी १००ने नव्हे, २००ने. का? याचं मूळ संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या कल्पनेत आहे. एकच नमुना न घेता एकमेकांत गुंफलेले दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे, म्हणजे दोन्ही उत्तरं ताडून पाहता येतात आणि पाहणीवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. प्रत्येक उपनमुना एकट्याने साऱ्या देशाचा अंदाज देतो. दोन्ही एकत्र धरले तर सरासरी काढायला हवी, म्हणून निम्मं. पण काही ठिकाणी एकच उपनमुना हाती आलेला असतो. ते ओळखायला मल्टिप्लायरशेजारी दोन आकडे दिलेत: एनएसएस, म्हणजे त्या उपनमुन्यात पाहिलेल्या गावांची संख्या, आणि एनएससी, म्हणजे दोन्ही उपनमुन्यांतली मिळून. ते सारखे असतील तर १००ने भागा, नसतील तर २००ने. एका ओळीची अट. ती ज्याने स्वतःच्या हाताने लिहिली त्याला या पाहणीची रचना कळली, असं मी धरते. तयार फाइल घेणाऱ्याला हे आकडे दिसतही नाहीत.

या पाहणीशी पुण्याचा संबंध जुना आहे. १९४९च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष महालनोबिस, आणि सदस्य दोनच: व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. त्या समितीला देशाची आकडेवारीच सापडेना, आणि त्यातून १९५०मध्ये नमुना पाहणी उभी राहिली. पुढे १९७१मध्ये त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो याच पाहणीच्या १९६०-६१च्या खर्चाच्या आकड्यांवर उभा होता. त्यांच्या हाती होते छापील तक्ते, खर्चाच्या गटांत आधीच बांधून दिलेले. एकेका घराची ओळ त्यांच्यासमोर नव्हती. आज एमएच्या पहिल्या वर्षाच्या पोरीच्या लॅपटॉपवर ती असते. तरीही बहुतेक निबंध दुसऱ्याने काढलेल्या तक्त्यांवरच लिहिले जातात, याचं मला वाईट वाटतं. अडचण बुद्धीची नसते, त्या पहिल्या कमांडची भीती असते.

मराठी मजकूर फाइलीत असेल तर आणखी एक खोड. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. 'पुणे' या शब्दात चिन्हं चार: प, उकार, ण, मात्रा. म्हणजे बारा बाइट. रोमन लिपीत लिहिलेलं पुणे चार बाइटांत मावतं. बाइट मोजून रकाने पाडणाऱ्या कमांडला गावाचं नाव देवनागरीत मिळालं की पुढचे सगळे रकाने सरकतात, आणि प्रत्येक गावागणिक वेगळे सरकतात, कारण नावांची लांबी वेगळी. युनिकोडआधीच्या फॉन्टमधल्या फाइली तर आधी रूपांतर केल्याशिवाय हातात घेऊच नयेत. ग्रामपंचायतींच्या नोंदींवर काम करणाऱ्यांना माझा सल्ला: गावाचं नाव ओळीच्या शेवटी ठेवा, नाहीतर सरळ टॅबने तोडलेली फाइल करा. तिथे रुंदी मोजायची गरजच नाही.

आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पाहणीची घरनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य मिळते. काही फेऱ्यांची बांधलेली फाइल आधी सोडवून घ्यावी लागते, एवढंच. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था ज्याचं काम पाहते त्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलींसोबत तर रकान्यांचा शब्दकोश तयारच येतो. पण सुरुवात त्याने करू नका. ६८व्या फेरीच्या खर्च पाहणीचा पहिला प्रकार घ्या, कुटुंबाची पहिली फाइल उघडा, लेआउट शेजारी ठेवा आणि फक्त पंधरावा रकाना वाचा. एकूण नोंदी १,०१,६६२ यायला हव्यात: ५९,६९५ ग्रामीण, ४१,९६७ शहरी. म्हणजे नमुन्यात ग्रामीण घरं शंभरात जेमतेम एकोणसाठ, आणि २०११च्या जनगणनेत ग्रामीण लोकसंख्या शंभरात जवळपास एकोणसत्तर. मग मल्टिप्लायर वाचा, वरची अट लावा आणि टक्केवारी पुन्हा काढा. एकोणसाठचा आकडा एकोणसत्तरच्या आसपास सरकला तर तुमची कमांड बरोबर आहे. नाही सरकला तर रकाने पुन्हा मोजा, तेही बोट ठेवून.