माती सगळं पोटात घेत नाही

कुत्र्याची शी उचलून पिशवीत भरणं हा शहरी चोचला आहे, असं मी बरीच वर्षं मानत आले. फुटपाथवर केली तर उचलावी, लोकांचे पाय पडतात. पण टेकडीवर, झाडाखाली, गवतात कशाला? तिथे माती आहे आणि माती सगळं पोटात घेते, अशी माझी समजूत होती. जंतांबद्दलही मत ठाम होतं. कुत्र्याचे जंत कुत्र्याला, माणसाचे माणसाला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी कुत्र्या-मांजरांवर घसरलं की मी हेच ठासून सांगायची. आता सांगत नाही.

मत बदललं ते घरी आणलेल्या एका पिल्लामुळे. रस्त्यावरच्या कुत्रीचं पिल्लू, जेमतेम महिन्याचं, अंगावर मांस नाही आणि पोट टम्म. व्हेटनी शी तपासली. मिठाच्या दाट पाण्यात ती कालवून नळी काठोकाठ भरली, वर पातळ काच ठेवली. जंतांची अंडी हलकी, ती तरंगत वर येऊन काचेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकात मला दिसली ती गोल, गडद तपकिरी, जाड कवचावर बारीक खड्डे असलेली अंडी. टॉक्सोकारा म्हणतात तो हा गोलकृमी. ‘ही आजची आहेत,’ डॉक्टर म्हणाले, ‘आज पोटात गेली तरी तुम्हाला काही होणार नाही.’ मग त्यांनी दुसरी काच लावली. तसलीच अंडी, पण तीन आठवडे ओलीत ठेवलेली. आता कवचाच्या आत अळी वेटोळं करून बसली होती, आणि ती हलत होती.

त्या हालचालीनं माझा सगळा युक्तिवाद उलटा झाला. ताजी शी या जंताच्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी असते. धोका तयार होतो तो ती पडून राहिल्यावर. पाऊस, ऊन, वारा यांनी शी दिसेनाशी होते, अंडी मात्र राहतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन ते चार आठवड्यांत ती पिकतात आणि पुढे वर्षानुवर्षं मातीत टिकतात. एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. मी ज्याला ‘मातीत जिरणं’ म्हणत होते, ते त्यांचं पिकणं होतं.

माणसाच्या पोटात हा जंत मोठा होत नाही, म्हणून ‘कुत्र्याचे कुत्र्याला’ हे वाक्य अर्धं खरं ठरतं. पण अळी अंड्यातून बाहेर पडते, आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते आणि यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकत राहते. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांत मुलं जास्त, कारण मातीतले हात तोंडात घालणारी तीच. १९५० मध्ये अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर या संशोधिकेनं मुलांचे काढून टाकलेले डोळे तपासले. त्यातल्या अनेकांवर कर्करोगाचा संशय होता. तपासलेल्या ४६ पैकी २४ डोळ्यांत तिला गोलकृमीच्या खुणा सापडल्या, आणि पुढे त्यांतल्या काही अळ्या टॉक्सोकाराच्या असल्याचं निष्पन्न झालं. हे वाचल्यावर मला पिशवी चोचला वाटेनाशी झाली.

मात्र सगळीच मतं मी सोडलेली नाहीत. मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे सुतासारखे बारीक जंत माणसाचेच असतात, एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यासाठी कुत्र्याला घराबाहेर काढणं हा निव्वळ अन्याय आहे. तसंच सून गरोदर राहिली की मांजर कुणाला तरी देऊन टाकण्याचं. टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी मांजराच्या शीतून पसरतो आणि पोटातल्या बाळाला धोका पोचवू शकतो, हे खरं. पण मांजर त्याची बीजं साधारणपणे पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच टाकतं, आणि तीही पिकायला किमान एक दिवस घेतात. वाळूचा ट्रे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करावा, मटण पूर्ण शिजवावं, भाज्या नीट धुवाव्यात. कच्चट मांसातूनही हा रोग होतो, पण दोष येतो एकट्या मांजरावर.

थांबायला वेळच न देणारा एक जंत मात्र आहे, आणि त्याबाबत मी फार बेफिकीर होते. मटणाच्या दुकानातून ‘कुत्र्यासाठी’ म्हणून मिळणारी काळीज-फुप्फुसाची पिशवी मी कच्चीच घालायची. शेळ्या-मेंढ्यांच्या अवयवांत पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. त्या कुत्र्यानं खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे फीतकृमी वाढतात, आणि त्यांची अंडी बाहेर पडतानाच लागण करण्याजोगी असतात. केसांना चिकटतात, हाताला लागतात. माणसाच्या यकृतात मग तशीच गाठ धरते, ती वर्षानुवर्षं वाढते आणि अनेकदा शस्त्रक्रियेपर्यंत नेते. एकोणिसाव्या शतकात आइसलंडमध्ये या हायडॅटिड रोगानं थैमान घातलं होतं. १८६३ मध्ये हाराल क्राबं हा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेला, त्यानं लिहिलेली पुस्तिका घराघरांत वाटली गेली, गाठी असलेले अवयव कुत्र्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून कायदे झाले, कुत्र्यांना औषध देणं आलं. विसाव्या शतकात तिथून तो रोग गेला. आपल्याकडे मटणाच्या दुकानामागे संध्याकाळी काय चाललेलं असतं, ते कुणीही जाऊन पाहावं.

आमच्या पिल्लाला दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध सुरू झालं, नंतर महिन्यानं, आता तीन महिन्यांनी. खरं तर पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासूनच द्यायला हवं, कारण गोलकृमी त्याला आईच्या पोटातच लागतात. पिसवांचं औषधही सोबत देते. पिसू गिळल्यानं होणारा फीतकृमी मुलांनाही होतो, आणि कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले की समजावं तो आलाय. काळीज आता शिजवूनच घालते.

सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये मुलांच्या वाळूच्या हौदावर रात्री झाकण घालायचा ठराव मीच मांडला. मांजरं तिथे रात्री शी करून पुरतात. ‘मग मांजरंच उचलून न्या’ अशी सूचना लगेच आली आणि तिला मी पूर्वीइतकाच जोरदार विरोध केला. झाकणासाठी ताडपत्री आणली आहे. राहिला प्रश्न रस्त्यावरच्या कुत्र्यांचा. त्यांना रोज खाऊ घालणारे आम्ही चौघंजण आहोत, आणि व्हेटनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं औषध त्याच खाण्यातून द्यायला सुरुवात केली आहे. त्यांची शी कुणी उचलायची, यावर अजून वाद चालू आहे. माझं मत, खाऊ घालणाऱ्यांनी.