माया

अक्काने चार ब्लाउज काउंटरवर टाकले आणि म्हणाली, "आत घेऊन दे."

चिकपेटच्या आमच्या दुकानात इतकी वर्षे ती "जरा सोडून दे" म्हणत आली होती. मग शिलाई उसवायची, आतली माया थोडी सोडायची, नवी टीप मारायची. वडील तिच्या ब्लाउजांत मुद्दाम दोन्ही अंगांना दीड-दीड इंच माया ठेवत. ती संपली, की बगलेत पट्टी जोडत. त्यांच्या मापांच्या वहीत अक्काची छाती 38 वरून 50 पर्यंत गेलेली आहे. शेवटची दोन मापे तेवढी माझ्या अक्षरात.

गेल्या वर्षी तिने स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी करून घेतली. स्लीव्ह म्हणजे बाही, हे शिंप्याच्या घरात सांगायला नको. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरतो तो बाहीसारखा लांब, अरुंद नळा. वजन 112 वरून 74 किलोवर आले. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. बळेपेटेत जाऊन मसाला डोसा एकटीने संपवणारी अक्का आता एका इडलीला अर्धा तास लावते.

पण चेहऱ्यावरचे मांस उतरले आणि कातडी सैल राहिली. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले. फुलवाली बाई विचारू लागली, आजारी होतीस का म्हणून. कन्नडात 'चिक्क' म्हणजे आकाराने लहान आणि वयानेही लहान. आमच्या पेटेच्या नावातला चिक्क तोच. अक्का अंगाने चिक्क झाली आणि वयाने थोरली दिसू लागली. "पोट कापून घेतलं ते म्हातारी दिसायला काय रे?" असे ती एकदा मला म्हणाली, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हते म्हणून बरे.

तिची मुलगी जीवशास्त्र शिकते. तिने आईला सांगितले, चेहऱ्याकडे बघू नकोस, पेशींकडे बघ. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणे असतात. पेशी दुभंगते तेव्हा दर वेळी ती थोडी आखूड होतात. फार आखूड झाली, की पेशी दुभंगायची थांबते. ही टोके गुणसूत्रांना कशी राखतात हे शोधल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना 2009 चे नोबेल मिळाले. लठ्ठ माणसांत ही टोके बहुधा अधिक आखूड सापडतात. शरीरात सतत धुमसणारा दाह हे त्याचे एक कारण मानतात.

"म्हणजे माया," मी म्हटले. भाचीला शब्द माहीत नव्हता. ब्लाउज उलटा करून दाखवला.

"मग वजन उतरल्यावर ही माया परत वाढते का?"

"मामा, तिथंच घोळ आहे." काही अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी टोके उलट आखूड झालेली दिसली, काहींत फरकच नाही. बरीच वर्षे मागोवा घेतलेल्या काही रुग्णांत ती लांबलेली आढळली. शिवाय मोजतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी; त्यावरून सगळ्या देहाचे वय सांगणे मला तरी बाहीवरून छातीचे माप घेण्यासारखे वाटते. त्यापेक्षा स्वीडनचा आकडा मला पटला. तिथल्या मोठ्या अभ्यासाचा 2020 मधला निष्कर्ष असा, की शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान, न झालेल्या लठ्ठ माणसांपेक्षा 3 वर्षांनी जास्त निघाले. सर्वसाधारण लोकांपेक्षा मात्र साडेपाच वर्षांनी कमीच.

अक्काने सगळे ऐकून घेतले. "तीन वर्षं," म्हणाली. "बरीच झाली की."

मी ब्लाउज आत घेतले. जुन्या टिपांची भोके कापडावर ओळीने दिसत होती. इस्त्रीने ती जात नाहीत. आतले जास्तीचे कापड दाखवून मी कात्री उचलली.

"काप," ती म्हणाली. मग, "थांब. एक इंच राहू दे."

वहीत तारीख घालून नवे माप लिहिले, 40. मागची पाने चाळली. वडिलांच्या अक्षरात तोच आकडा 1996 साली होता. अक्का वाकून बघत राहिली.

"तेव्हा माझी वेणी कमरेपर्यंत होती," ती म्हणाली.