मुरुमचा मुका पाषाण आणि परगावचा बोलका खडा

१/
धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुमच्या शिवारात किरणोत्सार मोजणारे यंत्र सुरू केले, तर ते अधूनमधून ‘टक्’ असा आवाज करते आणि पुन्हा गप्प होते. खाली काळा पाषाण, त्यावर काळी माती आणि वाटेवर गावाशी नाव जुळणारा मुरूम. ही भूमी यंत्राला फारसे बोलू देत नाही. पण ही शांतता भूमीची की यंत्राच्या बिघाडाची, हे कसे ठरवायचे? त्यासाठी मोजणारी माणसे जवळ एक खडा बाळगतात. हा धागा त्या खड्याचा.

२/
दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्ह्याचा थर. त्यात युरेनियम अगदीच थोडे: साधारणपणे दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये ते सरासरी तीन-चार भाग असते आणि थोरियम त्याहून कितीतरी अधिक. बेसॉल्ट ऊनपावसाने झिजून मुरूम झाला तरी त्याचा हा स्वभाव फारसा बदलत नाही. शिवारात ऐकू येणारे तुरळक ‘टक्’ येतात ते मातीतील पोटॅशियममधून, युरेनियम-थोरियमच्या अंशांतून आणि अंतराळातून बरसणाऱ्या विश्वकिरणांतून.

३/
आगीची धग हाताला कळते, विजेचा झटका बसतो, सडक्या अन्नाला वास येतो. किरणोत्साराला मात्र रंग नाही, गंध नाही, स्पर्श नाही. त्याच्याबाबत माणसाचा सारा भरवसा यंत्रावर, आणि यंत्र बिघडते तेव्हा बहुधा गप्प बसते. नळीतील वायू निसटतो, घट उतरतो, तार तुटते. इतकेच नव्हे, तर अतितीव्र किरणोत्सारात काही गायगर नळ्या इतक्या भांबावतात की त्यांची मोजणीच थांबते. म्हणजे सर्वांत सुरक्षित जागा आणि सर्वांत घातक जागा, दोन्ही ठिकाणी यंत्राचे मौन एकसारखे असू शकते.

४/
यंत्र आणि खडा यांचे नाते किरणोत्साराच्या शोधाइतकेच जुने आहे. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये आंरी बेकरेल यांना आढळले की, युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर अंधारातही आपला ठसा उमटवतात. पण काच ‘आहे’ इतकेच सांगे. ‘किती’ हे सांगणे तिला जमत नसे. ते सांगणारे साधन पुढच्या दोन वर्षांत मारी क्युरी यांनी कामाला लावले.

५/
किरणांमुळे हवा किंचित विद्युतवाहक होते. तो प्रवाह असतो अँपिअरच्या अब्जाव्या भागाच्या काही शतांशांइतका. पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी पूर्वीच दाखवले होते की, क्वार्ट्झच्या स्फटिकावर ताण दिला की त्यावर विद्युतभार निर्माण होतो. मारी क्युरी स्फटिकाला वजने टांगत आणि त्यातून निर्माण होणाऱ्या भाराने खड्यामुळे आलेला भार तंतोतंत तोलून धरत. किराणा दुकानातला तराजू आणि ही मांडणी यांत तत्त्वाचा फारसा फरक नव्हता. एका पारड्यात अदृश्य किरण होते, एवढाच.

६/
मग त्यांनी खनिजांमागून खनिजे त्या तराजूत घातली. काही नमुने पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातून आले. अपेक्षा साधी होती: ज्या खड्यात जितके युरेनियम, तितका त्याचा प्रवाह. शुद्ध युरेनियम सर्वांत वरचे ठरायला हवे होते. प्रत्यक्षात बोहेमियातील योआखिमस्थाल येथील पिचब्लेंड हे खनिज युरेनियमच्या तिप्पट सक्रिय निघाले. कॅल्कोलाइट नावाचे हिरवे खनिज दुपटीहून अधिक. अंशाने पूर्णाला मागे टाकावे, असा हा प्रकार होता.

७/
येथे दोनच शक्यता उरत होत्या: तराजू खोटा, नाहीतर खड्यात न ओळखलेले काहीतरी दडलेले. क्युरी यांनी आधी स्वतःच्या यंत्रावर संशय घेतला. त्यांनी कॅल्कोलाइटचे घटक शुद्ध स्वरूपात घेऊन तेच खनिज प्रयोगशाळेत तयार केले. रासायनिक घडण तीच, फक्त जन्म खाणीतला नव्हे. हा कृत्रिम खडा तराजूत ठेवला तर तो युरेनियमहून कमी भरला, म्हणजे जसा भरायला हवा तसाच. तराजू खरा ठरला. मग नैसर्गिक खड्यात जे जास्त होते, ते नवे होते.

८/
जुलै १८९८ मध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम ही नावे जगाला कळली. या शोधाची हकिकत सांगताना टनावारी खनिज ढवळणाऱ्या मारी क्युरींचे चित्र नेहमी पुढे येते आणि ते खरेच आहे. पण त्या कष्टांना दिशा मिळाली ती एका छोट्या, पडताळणीसाठी बनवलेल्या खड्यामुळे. अनपेक्षित उत्तर आले तेव्हा त्यांनी ते नाकारले नाही आणि लगेच स्वीकारलेही नाही. उत्तर देणाऱ्याची साक्ष तपासली.

९/
पुढे १९२८ मध्ये हान्स गायगर आणि वाल्टर म्युलर यांची गणकनळी आली आणि मोजणी प्रयोगशाळेतून रानात उतरली. रानात यंत्र जिवंत आहे की नाही हे पाहायला नैसर्गिक खनिज फार सोयीचे. कारण त्याचे वय. कोबाल्ट-६० हा कृत्रिम स्रोत सव्वापाच वर्षांत अर्धा होतो, सीझियम-१३७ तीस वर्षांत. युरेनियम-२३८ ला निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात आणि थोरियमला त्याच्या तिपटीहून अधिक. आज नोंदवलेली खड्याची गती नातवंडांच्या काळातही तीच राहील. ती घटलेली दिसली, तर म्हातारे यंत्र झाले असे समजावे.

१०/
एक बारकावा मात्र ध्यानात घ्यायला हवा. यंत्राला दुरून ऐकू येणारे भेदक गॅमा किरण मुख्यतः युरेनियमचे नसतातच. ते त्याच्या वंशजांचे असतात. युरेनियमपासून टप्प्याटप्प्याने रेडियम, त्यापासून रेडॉन हा वायू, त्यापासून शिसे आणि बिस्मथ यांची अल्पायुषी रूपे, अशी ही वंशावळ. जुन्या, अभंग खनिजात सारी पिढी एकत्र नांदते. जितके जन्मतात तितकेच विरतात. कारखान्यात युरेनियम शुद्ध केले की वंशज गळून पडतात आणि तेच द्रव्य गॅमामापीपुढे पुष्कळ अबोल होते.

११/
म्हणूनच खनिजाचा खडा ‘यंत्र बोलते का’ एवढेच सांगू शकतो. ‘खरे बोलते का’ हे नव्हे. खड्यात खनिज सगळीकडे सारखे नसते. एका बाजूने धरला तर एक आकडा, दुसऱ्या बाजूने दुसरा. रेडॉन फटींतून निसटतो, पाण्याने युरेनियम वाहून जाते आणि वंशज मागे राहतात. या उणिवांवर उपाय म्हणून खनिज दळून, निष्क्रिय वाळूच्या भुकटीत एकजीव मिसळून प्रमाणित नमुने करतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अशा एका नमुन्यात दहा लाख भागांत ४०० भाग युरेनियम असते, तर दुसऱ्यात ८०० भाग थोरियम. भुकटी हवाबंद केली तरी लगेच मोजत नाहीत. आत रेडॉन आणि त्याची संतती पुन्हा जुळून येईपर्यंत तीन-चार आठवडे थांबतात.

१२/
भारतात अशा शोधाला संस्थेचे रूप मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला तेव्हा मुरुम अजून निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबरात ते राज्य भारतात सामील झाले. १९४९ मध्ये भूशास्त्रज्ञ दाराशॉ वाडिया यांच्या नेतृत्वाखाली दुर्मिळ खनिजांचे सर्वेक्षण सुरू झाले. १९५१ मध्ये आजच्या झारखंडातील जादूगुडा येथे युरेनियम सापडले. थोरियमची ओळख त्याआधीच झाली होती: १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाला मोनाझाइट आढळले होते.

१३/
त्या थोरियमला युद्धाशी किंवा अणुभट्टीशी नव्हे, दिव्याशी कर्तव्य होते. गॅसबत्तीची जाळी थोरियमच्या क्षारात भिजवलेली असे. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जाई आणि उरलेला थोरियम ऑक्साइडचा पांढरा, नाजूक सांगाडा लख्ख उजळे. १९५५ मध्ये ट्रॉम्बे येथे सुरू झालेल्या कारखान्याचे थोरियम नायट्रेट अशाच जाळ्यांसाठी लागे. वीज नसलेल्या गावांत वराती निघाल्या त्या या उजेडात. वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरून चालणाऱ्याच्या हे कधी मनातही आले नसेल की, त्याच्या माथ्यावरच्या जाळीपुढे गायगर नळी धरली असती तर ती पायाखालच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी अधिक बोलली असती.

१४/
मुरुमचा पाषाण मुका असला तरी शेजार तसा नाही. येथून दक्षिणेकडे, कर्नाटकाच्या हद्दीत, दख्खनच्या लाव्ह्याची चादर संपते आणि तिच्याखालून भीमा खोऱ्याचे चुनखडक व त्यांच्या पायथ्याचा ग्रॅनाइट वर डोकावतो. त्याच पट्ट्यात, यादगीर जिल्ह्यातील गोगी येथे, जमिनीतील एका जुन्या भेगेलगत युरेनियमचा साठा सापडलेला आहे. मुरुमपासून हे अंतर सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. म्हणजे प्रश्न असा होता की, चादरीच्या कडेला जे दिसते, त्याचे भाऊबंद चादरीखाली आहेत काय? पृष्ठभागावरील यंत्राला ते ऐकू येणे शक्य नव्हते. गॅमा किरण खडकातून मीटरभरही धड पार होत नाहीत.

१५/
उत्तराचा एक भाग फार भयंकर वाटेने आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, मुरुमपासून तीस-पस्तीस किलोमीटरवरील किल्लारी परिसर हादरला. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. १९८४ च्या भूकंप-विभाग नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. आदल्या वर्षी किल्लारीत धक्के जाणवले होते. पण दख्खनचा पाषाण स्थिर, शांत, असा समज दृढ होता. २००२ मध्ये नकाशातून तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला.

१६/
भूकंपानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला. त्याखाली अवघा आठेक मीटरचा गाळाचा थर आणि मग लाव्ह्याहून कैक पटींनी प्राचीन असा पट्टिताश्म, ग्रॅनाइटच्या कुळातला. मराठवाड्याच्या पायाखाली खरा पाया हा होता. आणि अशा खडकांत अब्जावधी वर्षे युरेनियम-थोरियम विरत आलेले असते.

१७/
त्या विरण्याची एक निशाणी म्हणजे हेलियम. युरेनियमच्या वंशावळीतून बाहेर पडणारा प्रत्येक अल्फा कण म्हणजे हेलियमचेच अणुकेंद्र. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना पृथ्वीवर हेलियम प्रथम सापडले तेही क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातच. किल्लारीच्या भूकंपाने जमीन जेथे फाटली होती, तेथील मातीतील वायूत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना हेलियमचे असाधारण प्रमाण आढळले. १९९४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. असाधारण म्हणजे कशाच्या तुलनेत? येथेही मापदंड लागतोच. हवेत हेलियम दहा लाख भागांत सुमारे ५.२४ भाग असते आणि सगळीकडे जवळपास तितकेच. या मोजणीत साधी हवाच खड्याचे काम करते.

१८/
एवढे वाचून कुणाला घरी खनिजाचा खडा ठेवण्याचा मोह झाला, तर तो आवरावा. त्याची भुकटी श्वासावाटे जाऊ शकते, त्यातून रेडॉन झिरपत राहतो. आणि युरेनियम वा थोरियम सापडल्याचे तीन महिन्यांत लेखी कळवावे, असे १९६२ चा अणुऊर्जा कायदा सांगत असे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण फोडले गेले. हाताळणाऱ्यांना ते निव्वळ धातू वाटले. एकाचा जीव गेला, इतरांना गंभीर इजा झाल्या. त्या दुकानात एक चालू गणकनळी असती आणि ती चालू आहे हे कुणी आधी तपासलेले असते, तर तिचा आवाज वेळेवर ऐकू आला असता.

१९/
म्हणून मुरुमच्या शिवारात मोजणी करणाऱ्याचा क्रम ठरलेला असतो. आधी यंत्र खड्याजवळ न्यायचे आणि ते बोलते हे ऐकायचे. मग खडा शिशाच्या डबीत बंद करून दूर ठेवायचा. त्यानंतरच काळ्या पाषाणापुढे नळी धरायची आणि तुरळक ‘टक्’ वहीत उतरवायचे. दोन नोंदींपैकी पहिली गाळली, तर दुसरीला अर्थ उरत नाही. या भूमीची शांतता एकदा गृहीत धरली गेली होती, तपासली गेली नव्हती; तिची किंमत किल्लारीने मोजली.

(धागा समाप्त)