उंच झाडांखालची वाट

आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा प्रवास लग्न, मयत आणि माहेर एवढ्यातच संपतो. हौसेने जंगलात तंबू ठोकून राहायचं, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियाला गेले, तेव्हा तोच म्हणाला, "आपा, दोन रात्री हम्बोल्टच्या जंगलात राहू."

हम्बोल्ट रेडवूड्स हे १९२१ साली स्थापन झालेलं तिथल्या राज्याचं उद्यान. ही झाडं कुऱ्हाडीपासून वाचावीत म्हणून १९१९ मध्ये त्या भागातल्या स्त्रियांनी स्वतःची संघटना उभारली होती. हे कळल्यावर त्या जंगलाबद्दल वेगळीच आपुलकी वाटली.

खाण्याचं सगळं सामान, अगदी साबणसुद्धा, तिथे लोखंडी पेटीत बंद करावं लागतं. वासाने अस्वल येतं. पडलेली काटकीही सरपणाला उचलायची नाही. किब्ल्याचंही नवल वाटलं. आपण जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. तिथे उत्तरेकडे, जरा पूर्वेला कलून उभं राहावं लागतं. नळाच्या गारठलेल्या पाण्याने वजू करून आम्ही इशाची कसर नमाज अदा केली.

दुसऱ्या दिवशी पायवाटेने निघालो. तिथली काही झाडं शंभर मीटरहून उंच आहेत. शेंडा पाहायला मान मागे टाकली की ओढणी घसरते! 'डायरव्हिल जायंट' नावाचा महावृक्ष १९९१ मध्ये कोसळला, तो तसाच राहू दिला आहे. पडलेल्या खोडांवर तिथे शेवाळ आणि नेचे वाढतात.

त्याच्याजवळ भाऊ थांबला. म्हणाला, "एवढ्या उंच झाडांची मुळं फार खोल नसतात, आपा. लांबवर पसरून ती शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात." मग बराच वेळ गप्प चालत राहिला आणि अचानक म्हणाला, "अब्बांना माती द्यायला मी नव्हतो."

तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याने दफन फोनवर पाहिलं होतं. तीन वर्षं तो फक्त खैरियत विचारायचा, अब्बांचा विषय टाळायचा. मी उपदेश केला नाही. शेवटच्या आठवड्यात अब्बा काय बोलले, काय खाल्लं, त्याचं नाव कितीदा घेतलं, ते एकेक सांगत गेले. भावजय मुलांना घेऊन मुद्दाम पुढे निघून गेली.

घरात हे बोलणं झालं नसतं. घरात पाहुणे असतात, चहा असतो, टीव्ही असतो. बरोबरीने चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून अडलेले शब्द बाहेर पडतात.

भगिनींनो, त्यासाठी अमेरिका गाठायची गरज नाही. राधानगरी, भीमाशंकर, कोयना आपल्याच राज्यात आहेत. वनखात्याचे नियम पाळावेत, आपला कचरा आपणच परत आणावा, इतकंच. शाळेच्या सहलीच्या यादीतून मुलींची नावं सर्वांत आधी गळतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. म्हणून यंदा राधानगरीच्या सहलीची चिठ्ठी मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही पाठवली. आतापर्यंत अकरा जणींनी होकार कळवला आहे.